वही कोणाच्या हातात?



गेल्या महिन्यात मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. भांडण मिटवायला या, असा निरोप होता. असा निरोप आला की आपल्या मनात नवरा, सासू, दारू, फार तर कर्जाचा हप्ता एवढ्याच गोष्टी येतात. इथे भांडण होते सोलापूर शहरातल्या एका दुकानदाराशी, आणि त्यावरून गटातल्या बायकांचे आपसात. तासाभरात उरकेल असे समजून गेले. शेवटची एस.टी. चुकली, रात्री आक्कांच्या ओसरीवर मुक्काम झाला, तरी बोलणे संपले नाही. म्हणून या अंकाचे संपादकीय त्याच विषयावर लिहिते आहे.

गट अकरा जणींचा आहे. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हा त्यांचा धंदा. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळायचे, कागदासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजून मग मंद आचेवर ती पार कडक होऊ द्यायची. नीट ठेवली तर महिनाभर टिकते. चूल पहाटे चारला पेटते, कारण आठनंतर घरचा स्वयंपाक, शेत आणि शाळेचे डबे असतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती थापणाऱ्या हातांना मानांकन द्यायची सोय अजून सरकारला सुचलेली नाही, पण ते असो.

चार वर्षे हा माल शहरातल्या एकाच दुकानात जात होता. बोली अशी, की माल टाकायचा, विकेल तसे पैसे घ्यायचे आणि उरलेले परत न्यायचे. दुकानदाराला सगळ्या जणी 'मालक' म्हणतात, सोलापूरकडे तशी रीतच आहे. दर पंधरवड्याला मालक सांगायचे, "या खेपेला उठाव नाही." मग तीस-चाळीस पाकिटे परत यायची. त्यांतली निम्मी कुस्करलेली आणि चटणी खवट व्हायला आलेली. ती घरात खायची किंवा शेजारी वाटायची. उठाव खरेच नव्हता, की माल मागच्या फळीवर पडून राहिला, की दुसऱ्या कोणाचे पाकीट पुढे मांडले होते, हे कळायला मार्ग नव्हता. कोण गिऱ्हाईक येते, काय मागते, लसणाची चटणी आधी संपते की साधी, भाकरी कोणत्या महिन्यात जास्त जाते, यातले काहीच गटाला ठाऊक नव्हते. आक्का म्हणाल्या, "ताई, मालकाला समदं ठावं असायचं. आमाला फकस्त किती परत आलं तेवढं ठावं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले.

दीड वर्षापूर्वी गटाच्या सचिवबाईंच्या मुलीने व्हॉट्सॲपवरून ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. पुढे एका मोठ्या ऑनलाईन बाजारावरही नाव नोंदवले. ही वाट आता नवी राहिलेली नाही. ॲमेझॉनने २०१७ साली 'सहेली' आणि फ्लिपकार्टने २०१९ साली 'समर्थ' या नावाने स्त्रियांचा आणि कारागिरांचा माल विकायच्या योजना काढल्या. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाचे 'ई-सरस' हे बचत गटांच्या मालासाठीचे संकेतस्थळ आहे. जीएसटीची अडचणही थोडी सैल झाली आहे. पूर्वी ऑनलाईन बाजारावर वस्तू विकायची तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटीची नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आतच विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना तीतून सूट मिळाली. माल राज्याबाहेर पाठवायचा तर नोंदणी लागतेच, हे मात्र कित्येक गटांना कोणी सांगितलेले नसते.

पुणे, ठाणे, नवी मुंबई अशा ठिकाणांहून मागणी येऊ लागली. सुरुवातीला कुरिअरमध्ये भाकऱ्यांचा चुरा व्हायचा. मग भाकरीच्याच मापाचे पुठ्ठ्याचे डबे करून घेतले, ते जमले. पैसे आले, पण मला त्याहून मोठी गोष्ट वेगळीच वाटली. मुलीने एका शंभर पानी वहीत तारीख, गाव, काय मागवले, किती, पुन्हा मागवले का, तक्रार काय, असे रकाने आखले होते. चार वर्षांत जे कळले नव्हते ते चार महिन्यांत कळले. बाजरीची कडक भाकरी थंडीतच जाते. लसणाची चटणी साधीपेक्षा दुप्पट खपते. आणि ज्या महिन्यात मालक म्हणाले होते की उठाव नाही, त्याच महिन्यात पुण्याहून सर्वांत जास्त मागणी आलेली होती!

त्यानंतर भांडणाला तोंड फुटले. पाकिटावरचा नंबर पाहून दुकानातल्याच एका गिऱ्हाइकाने गटाकडून परस्पर माल मागवला, तोही दुकानापेक्षा स्वस्त. मालकांना ते कळले. "माझ्या दुकानात चव बघायची आणि तुमच्याकडून घ्यायचं, मग मी भाडं कशाचं भरू?" असे म्हणून त्यांनी माल निम्म्यावर आणला. पुढे म्हणाले, "चालू ठेवायचं असेल तर तुमची ऑनलाईनची यादी मला दाखवा. कोण घेतं, किती घेतं, सगळं. त्याप्रमाणे मी माल भरीन."

यादी द्यायची की नाही, यावरून अकरा जणींचे दोन तट पडले होते.

तरुण बायका म्हणत होत्या, मालकाला सोडा, आता फोनवरच विकू. आक्का आणि आणखी तिघी-चौघी म्हणत होत्या, सोडू नका. टाळेबंदीच्या वेळी सगळे बंद असताना याच माणसाने उरलेल्या मालाचे पैसे बुडवले नाहीत, ज्वारी घ्यायला आगाऊ रक्कम दिली. शिवाय आजही विक्रीतला मोठा हिस्सा दुकानातूनच होतो. फोनवरची विक्री एखाद्या महिन्यात धो धो, तर पुढच्या महिन्यात ठणठण. पोरगी लग्न होऊन गेली की फोन कोण बघणार?

मी खरे सांगते, माझा पहिला कौल तरुण बायकांकडे होता. अडत्या, दलाल, मधला माणूस हे शब्द ऐकले की आपल्या चळवळीतल्या बाईचा हात आपोआप वर जातो. रात्री आक्कांशी बोलल्यावर मला थांबावे लागले.

दुकानदार काही काम करतोच. तो जागेचे भाडे भरतो, पाकीट फोडून चव देतो, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला कडक भाकरी आमटीत कशी कुस्करायची ते सांगतो. त्याच्याकडून माल बघून जाणाऱ्याला आपण स्वस्तात विकले, तर त्याच्या श्रमाचे मोल आपण बुडवतो. आपल्या श्रमाचे मोल कोणी बुडवले की आपल्याला जसा राग येतो तसा त्याला आला, इतकेच.

दुसरी गोष्ट अंदाजाची. गिऱ्हाइकाला दहा पाकिटे हवी असतात. दुकानदाराला नक्की माहीत नसते, माल कमी पडू नये म्हणून तो पंधरा मागतो. गटाला वाटते मागणी वाढली, म्हणून बायका वीस करतात. पुढच्या खेपेला दुकानात पाच पडून असतात, तो एकदम काहीच मागत नाही, आणि गटाची चूल दोन आठवडे थंड. गिऱ्हाईक होते तिथेच असते, पण अंदाज एकेका पायरीवर फुगत जातो, आणि फुटतो तो शेवटच्या पायरीवर, म्हणजे बाईच्या डोक्यावर. परत आलेल्या पाकिटांत मालकांची लबाडी किती आणि हा फुगलेला अंदाज किती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. दोघांच्या वह्या एकमेकांना कधी दिसल्याच नाहीत. थेट विक्रीमुळे गटाच्या हाती आलेली माहिती दुकानाला मिळाली तर हे नुकसान कमी होऊ शकते. त्या अर्थाने मालकांचे मागणे वेडगळ नव्हते.

मग यादी द्यावी का? सगळी देऊ नये, असे माझे मत आहे, आणि ते मी बैठकीत स्पष्ट मांडले.

बाजरीची भाकरी थंडीत किती जाते, हे मालकांना कळले तर दोघांचा फायदा आहे. पण पुण्यात आपली गिऱ्हाइके किती आहेत आणि ती कोणत्या दराने बिनतक्रार घेतात हे कळले, तर उद्या ते दुसऱ्या गावच्या बायकांकडून कमी मजुरीत तीच भाकरी थापून घेतील आणि पाकिटावर स्वतःच्या दुकानाचे नाव छापतील. हे कायद्याने चूक नाही, आणि असे होताना आपल्यापैकी अनेकींनी पाहिले आहे. मसाल्यांत झाले, गोधड्यांत झाले. रेसिपी चोरायची गरज नसते, कोण किती घेतो एवढे कळले की पुरते.

शिवाय त्या यादीत माणसे आहेत. घराचा पत्ता आहे, फोन नंबर आहे. त्यांतल्या कितीतरी बायका एकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांनी पत्ता दिला तो भाकरी यावी म्हणून. २०२३ साली केंद्राने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचा गाभाही हाच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. कायदा नसता तरी आपल्याला हे कळायला हवे होते. पाकिटावर स्वतःचा नंबर छापलेल्या बायकांना रात्री-अपरात्री कसले फोन येतात, हे आपण बैठकांमधून ऐकत आलो आहोत.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. १९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. या बायका गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालत आणि किराणा उधारीवर उचलत. उधारीची वही वाण्याकडे. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढले, हे त्या वहीत, आणि वही वाचता येणारा माणूस एकच. बँकेचे कर्ज बाईच्या नावावर मिळाले तेव्हा पैशाइतकीच मोठी गोष्ट ही झाली, की हिशेब बाईच्या घरी आला. आज वही फोनमध्ये गेली आहे, एवढाच फरक.

सोलापूरच्या मालकांशी निदान समोर बसून भांडता येते. ऑनलाईन बाजाराचे काय? तिथे आपण यादी देतो की नाही हा प्रश्नच कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक बाजाराचे, त्याचा खरा फोन नंबर विक्रेत्याला बहुधा दिसतही नाही. कोणी आपले पाकीट पाहिले आणि न घेता पुढे गेले, किती किमतीला थांबले, कोणता शब्द टाकून शोधले, हे सगळे बाजाराच्या मालकाकडे जमा होते. आणि हा बाजारवाला स्वतःही विकणारा असला तर? २०२१ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली, की ॲमेझॉनच्या भारतातल्या लोकांनी आपल्याच बाजारातल्या विक्रीची माहिती वापरून चालणाऱ्या वस्तूंच्या नकला स्वतःच्या नावाने काढल्या. कंपनीने आरोप नाकारला. युरोपात मात्र अशाच तक्रारीची चौकशी युरोपीय आयोगाने केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीकडून बांधिलकी लिहून घेतली, की विक्रेत्यांची उघड नसलेली माहिती ती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही. आपल्याकडे परदेशी भांडवलाच्या ऑनलाईन बाजारांनी मालाचा साठा आपल्या ताब्यात ठेवू नये असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून अधिक कडक झाला. साठ्यावर बंधन आले. अकरा बायकांच्या विक्रीच्या माहितीचे काय करावे, यावर त्या नियमात काही नाही.

म्हणून ऑनलाईन गेले की दलाल सुटला, असे जे शिबिरांतून सांगितले जाते ते मला अर्धवट वाटते. दुकानदाराच्या जागी एक असा मधला माणूस येतो ज्याला चहा विचारता येत नाही आणि ज्याचे दार ठोठावता येत नाही.

आता आपल्या अंगणातही पाहू. दोन वर्षांपूर्वी आमच्याच संघटनेने दिवाळीत प्रदर्शन भरवले होते. गिऱ्हाइकांसाठी टेबलावर एक वही ठेवली होती. लोकांनी नाव, नंबर, कोणाचा काय माल आवडला ते लिहिले. ती वही आमच्या कपाटात चार महिने पडून होती. गटांना नक्कल द्यावी असे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही. अहवालात आम्ही 'इतक्या ग्राहकांनी भेट दिली' म्हणून आकडा घातला तो त्याच वहीतून! ज्यांच्या मालामुळे ती नावे जमा झाली त्यांना ती मिळालीच नाहीत. मग मालकांना नावे ठेवायचा मला किती अधिकार आहे?

आणि गटाच्या आत काय चालते? बैठकीत मी सहज विचारले, ऑनलाईनचे खाते कोणाच्या नावावर आहे? सचिवबाईंच्या मुलीच्या. चांगले. पैसे कोणत्या खात्यात येतात? गटाच्या. त्याहून चांगले. ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. फोन मुलीच्या भावाचा होता. तो सोलापूरला कामाला असतो. तो फोन उचलेल तेव्हा खाते उघडणार. मुलगा भला आहे, प्रश्न त्याच्या भलेपणाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्केच स्त्रियांकडे स्वतःचा, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असल्याचे दिसले. उरलेल्या जणींसाठी 'थेट विक्री' म्हणजे घरातल्या पुरुषाच्या खिशातून होणारी विक्री. वाण्याकडची वही सोडवली आणि भावाकडे ठेवली, तर आपण पुढे किती सरकलो?

रात्री उशिरा, दोन्ही तट दमल्यावर, एका कागदावर काही ठरले. मी सुचवले ते सगळेच त्यांनी मानले नाही, आणि त्यांची दुरुस्ती माझ्या सूचनेपेक्षा चांगली होती. पाव किलोच्या पाकिटाची किंमत दुकानात आणि फोनवर एकच राहील, कुरिअरचा खर्च गिऱ्हाइकावर. पुठ्ठ्याचा मोठा डबा फक्त थेट विकायचा, तो दुकानात जाणार नाही. सोलापूर शहरातले गिऱ्हाईक फोनवर आले तर त्याला दुकानाचा पत्ता सांगायचा. हे कलम आक्कांचे, आणि यावर तरुण बायका बऱ्याच कुरकुरल्या. दर पंधरवड्याला गट मालकांना सांगेल, कोणता माल किती गेला, वाढला की उतरला. नावे, पत्ते, नंबर नाहीत, आणि गावागावांचे आकडेही नाहीत. त्या बदल्यात मालकांनी त्याच दिवशी सांगायचे, दुकानात किती शिल्लक आहे आणि ती कोणत्या तारखेची आहे. फळीचा फोटो पाठवायचा. त्यांनी एक पंधरवडा सांगितले नाही, तर गटही पुढच्या पंधरवड्याला सांगणार नाही.

"फोटो मागितला तर मालक चिडतील," मी म्हटले.

"चिडू द्या की," आक्का म्हणाल्या. "आमची वही मागताना त्यांनी आमाला इचारलं व्हतं का, चिडाल का म्हून?"

सिमकार्डाचा निर्णय सर्वांत आधी अमलात आला. गटाच्या पैशातून साधा स्मार्टफोन घेतला आहे. तो महिन्याला एकीकडे असा फिरतो, आणि ज्या महिन्यात जिच्याकडे फोन तिनेच वही भरायची. दोघींना लिहिता येत नाही. त्यांच्या महिन्यात शेजारची लिहिते, पण फोन त्यांच्याच घरी असतो. गिऱ्हाइकाशी बोलतातही त्याच, आणि त्यातल्या एकीने म्हणे बोलून बोलून लसणाच्या चटणीची तीन कायमची गिऱ्हाइके केली आहेत.

मालकांकडे कागद घेऊन दोघी जणी गेल्या. त्यांनी किंमत आणि डब्याचे कलम मान्य केले, शहरातल्या गिऱ्हाइकाचे कलम वाचून खूशही झाले. फळीच्या फोटोवर मात्र "बघू" म्हणाले. हा अंक छापायला जाईपर्यंत एक पंधरवडा उलटला आहे. फोटो आलेला नाही, आणि गटानेही आकडे कळवलेले नाहीत. माल मात्र निम्म्यावरून थोडा वर आला आहे.

आमच्या कपाटातल्या वहीची नक्कल काढून त्या प्रदर्शनातल्या गटांना पाठवायचे काम मागच्या आठवड्यात झाले. कोणत्या गिऱ्हाइकांना फोन केलेला चालेल हे आधी विचारून घेतले. त्यामुळे यादी अर्ध्याहून लहान झाली, तशीच पाठवली.

तुमच्या गटाने दुकानदाराशी, प्रदर्शनवाल्या संस्थेशी किंवा ऑनलाईन बाजाराशी काय ठरवले आहे, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. ठरवलेला कागद असेल तर त्याची नक्कल जोडा, माणसांची नावे आणि नंबर खोडून. काहीच ठरवले नसेल तर तेही लिहा, आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते विचारून मग लिहा.